आधी बघा, मग औषध द्या : लायकेन स्क्लेरोससची माझी दीड वर्षं

लायकेन स्क्लेरोसस म्हणजे कातडीचा जुनाट दाह. माझ्या या आजाराचं नाव सांगायला त्वचारोगतज्ज्ञ बाईंना एक मिनिटही लागलं नाही. त्या मिनिटापर्यंत पोचायला मला मात्र सहा महिने लागले, कारण तोवर माझी दुखरी जागा कुणी बघितलीच नव्हती आणि मीही दाखवली नव्हती.

मी सांगली जिल्ह्यात एका बँकेच्या शाखेत काम करतो. वय ४१, लग्नाला बारा वर्षं झाली. नाव देत नाही, बाकी सगळं जसं घडलं तसं लिहितोय. शिश्न, शिश्नमणी (शिश्नाचं टोक), पुढची कातडी हे शब्दही सरळ वापरणार आहे. ‘तिथं’, ‘खाली’, ‘त्या जागी’ असं म्हणत राहिल्यानं माझं बरंच नुकसान झालंय.

सुरुवात जून २०२३ मधली. पावसाळ्यात रोज मोटरसायकलवरून ये-जा, पँट ओली, दिवसभर तीच अंगावर. पुढच्या कातडीच्या कडेला खाज सुटायला लागली. मला वाटलं, ओलाव्यानं नायटा झाला असेल. मेडिकलमध्ये जाऊन हळू आवाजात ‘जांघेत खाज येते’ म्हणालो. जांघेत येत नव्हती. दुकानदारानं न विचारता एक ट्यूब दिली, ९५ रुपये. चार दिवसांत आराम पडला, लावायचं बंद केलं, आठवड्यात खाज परत. पुन्हा ट्यूब. ऑगस्टपर्यंत अशा तीन ट्यूब संपल्या. त्या मलमात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि कडक स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र होतं, हे मला पुढं कळलं. आराम पडत होता तो स्टेरॉइडमुळं. मी मात्र समजत होतो की बुरशीच आहे आणि औषध लागू पडतंय.

ऑगस्टच्या शेवटी कातडीला बारीक चिरा पडायला लागल्या. कातडी मागं घेताना ताण यायचा आणि कडेला कागद कापल्यासारख्या रेघा उमटायच्या. अंघोळीच्या वेळी साबण लागला की डोळ्यांतून पाणी. संबंधाच्या वेळी इतकं दुखलं की मी मध्येच थांबलो आणि बायकोला म्हणालो, दमलोय. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर आमच्या दोघांत एक गप्पपणा शिरला. तो मला चिरांपेक्षा जास्त जड गेला.

फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. केबिनमध्ये आधीच्या पेशंटची आई अजून चपला घालत होती, दार उघडंच होतं. मी म्हणालो, ‘लघवीच्या जागी खाज आहे, थोडं फाटतंय.’ त्यांनी लिहायला घेतलं. आठवड्याला एक अशा बुरशीच्या चार गोळ्या मला, चार बायकोला. ‘दोघांनी एकदम घ्या, नाहीतर एकमेकांकडून परत होतं.’ फी दोनशे रुपये. ‘दाखवा’ ते म्हणाले नाहीत आणि ‘बघा’ मी म्हणालो नाही. बायकोला काहीही त्रास नसताना तिनं त्या गोळ्या घेतल्या. तिसऱ्या गोळीच्या वेळी तिनं विचारलं, ‘अहो, हे माझ्यामुळं झालंय का तुम्हाला?’ मला उत्तर देता आलं नाही. खरंच माहीत नव्हतं.

सप्टेंबरात डॉक्टरांनी शुगर बघायला सांगितली. तो सल्ला योग्य होता. मधुमेहात शिश्नमण्याला वारंवार बुरशी होते आणि पुष्कळ जणांचा मधुमेह असाच उघडकीला येतो. माझी तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ५.६ आली, म्हणजे मधुमेह नाही.

ऑक्टोबरात एका रविवारी खिडकीजवळच्या उजेडात नीट बघितलं, तर शिश्नमण्यावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग आणि कातडीच्या कडेला पांढरं कडं. पहिला विचार कोडाचा आला. दुसरा त्याहून वाईट. रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर फोटो बघत बसलो. ते करू नका. त्या फोटोंमध्ये सगळ्यात बिघडलेले रुग्ण असतात आणि आपलं मन त्यातलंच एक चित्र उचलून धरतं.

दुसऱ्या गावातल्या एका डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी कंपाउंडरसमोर विचारलं, ‘बाहेर कुठं गेला होतात का?’ नव्हतो गेलो. तरी मान खाली गेली. त्यांनी गुप्तरोगाच्या आणि एचआयव्हीच्या तपासण्या लिहून दिल्या. बघितलं त्यांनीही नाही.

तपासण्या मी सरकारी रुग्णालयात केल्या. गुप्तरोग आणि जननेंद्रियाच्या तक्रारींसाठी तिथं ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं आणि एचआयव्ही तपासणी मोफत होते. आधी समुपदेशक बोलतात, संमतीपत्रावर सही घेतात, मग रक्त. दार लावलेली छोटी खोली, दोन खुर्च्या. दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले. समुपदेशक बाईंनी ते हातात देताना विचारलं, ‘चामडीच्या डॉक्टरांना दाखवलंत का हो?’ चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी हे विचारलं होतं.

आमच्याकडे मोठ्या दुखण्याला मिरज. तिथल्या एका त्वचारोगतज्ज्ञांची वेळ ५ डिसेंबरची मिळाली. डॉक्टर बाई आहेत हे कळल्यावर रद्द करायला मी दोनदा फोन उचलला. शेवटी एका चिठ्ठीवर चार ओळी लिहिल्या : कधी सुरू झालं, नेमकं कुठं, काय काय लावलं, आता काय होतंय. संपलेल्या तिन्ही ट्यूब पिशवीत टाकल्या. तुम्हीही असंच करा. तोंडातून शब्द फुटत नसेल तर चिठ्ठी पुढं करायची.

त्यांनी चिठ्ठी वाचली, ट्यूब उलटून मागचं बारीक छापलेलं वाचलं, पडदा ओढला आणि सरळ म्हणाल्या, ‘झोपा, बघू.’ हातमोजे, दिवा आणि भिंगासारखं एक उपकरण. कातडी हलक्या हातानं मागं घेऊन बघितली, जिथं अडकली तिथं थांबल्या. मग प्रश्न. लघवीची धार बारीक झालीय का? फुटते का, दोन धारा होतात का? झाल्यावर थेंब थेंब गळते का? घरात थायरॉइड, कोड कुणाला? गळण्याच्या प्रश्नाला मी ‘हो’ म्हणालो. ते मी वयावर ढकललं होतं.

‘याला लायकेन स्क्लेरोसस म्हणतात,’ त्या म्हणाल्या. एका कागदावर नाव लिहून दिलं. सर्जन मंडळी यालाच बीएक्सओ म्हणतात, म्हणजे बॅलनायटिस झिरोटिका ऑब्लिटरन्स. दोन्ही नावं लक्षात ठेवा. एका फाइलवर एक आणि दुसरीवर दुसरं असलं की विम्याच्या माणसाला ते दोन आजार वाटतात.

त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत सांगतो. ही कातडीची जुनाट दाहाची व्याधी आहे. कातडी पांढरी, पातळ, चकचकीत होते, जीर्ण कागदासारखी चुरगळते, मग घट्ट होत जाते. कोडात फक्त रंग जातो, कातडी मऊच राहते आणि फाटत नाही. हा संसर्ग नाही आणि गुप्तरोगही नाही. नेमकं कारण पूर्ण उलगडलेलं नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीचा त्यात हात आहे, आणि पुरुषांत कातडीखाली अडकून राहणारी लघवी हे मोठं निमित्त मानतात. जन्मतः सुंता झालेल्या पुरुषांत हा आजार जवळजवळ दिसत नाही. दुर्लक्ष केलं तर लघवीचं तोंड आणि पुढं मूत्रमार्गही आवळत जातो. थोड्या रुग्णांत पुढं कॅन्सर होऊ शकतो, म्हणून नजर ठेवायची. हा शब्द त्यांनी टाळला नाही आणि ताणलाही नाही. निदानाबद्दल शंका असेल तर कातडीचा छोटा तुकडा काढून तपासतात. माझ्या बाबतीत त्यांना शंका नव्हती.

बायको बाहेर बसली होती. मी म्हणालो, हेच तिला सांगाल का? त्यांनी तिला आत बोलावलं आणि म्हणाल्या, ‘तुमच्यामुळं यांना झालेलं नाही आणि यांच्यामुळं तुम्हाला होणार नाही.’ बायकोनं पर्समधून रुमाल काढला. परतीच्या बसमध्ये मिरजेपासून सांगलीपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. फी सहाशे रुपये होती. दीड वर्षात कुठं पैसे सार्थकी लागले असं कुणी विचारलं, तर मी तो दिवस सांगेन.

औषध एकच : क्लोबेटासॉल ०.०५ टक्के, क्रीम नव्हे, ऑइंटमेंट. पहिला महिना रोज रात्री एकदा, दुसरा महिना दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मलमाची रेघ ओढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं. मला त्याच्या निम्मं सांगितलं होतं. पांढऱ्या भागावरच, पातळ, आणि नंतर हात धुवायचे. ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरायलाच हवी, आधी संपली तर आपण जास्त लावतोय. साबण बंद, त्याऐवजी साधं मॉइश्चरायझर लावून कोमट पाण्यानं धुणं. लघवी झाली की घाई न करता शेवटचे थेंब जाऊ द्यायचे, मऊ कागदानं टिपायचं, पुसायचं नाही, आणि वर व्हॅसलीनचा पातळ थर. खिशात टिश्यूचं छोटं पाकीट ठेवायची सवय मला तेव्हा लागली, ती अजून आहे. आणखी एक : व्हॅसलीन किंवा तेलकट मलम लागलं की रबरी निरोध कमकुवत होतो. हे मला आधी माहीत नव्हतं.

मलम घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, ‘हे नाजूक जागेवर लावायचं नसतं, कातडी जाईल.’ डब्यातल्या पत्रकातही तसंच छापलेलं. त्या रात्री ट्यूब हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. सकाळी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, स्वतःच्या मनानं महिनोन् महिने चोपडणाऱ्यांसाठी ती सूचना बरोबरच आहे, पण या आजारात कातडी वाचते ती याच मलमानं. ठरलेल्या मात्रेत, ठरलेले दिवस आणि मध्ये तपासणी, एवढं पाळायचं. अनेक जण हे पत्रक वाचून आठवड्यातच औषध सोडतात, असंही त्यांनी सांगितलं. तुमच्या हातात ते पत्रक पडेल तेव्हा सोडण्याआधी फोन करा. आणि उलट बाजूही सांगतो : माझं हे वाचून कुणी परस्पर क्लोबेटासॉल आणू नका. बुरशी असेल तर त्यानं ती भडकते.

पंधरा दिवसांत खाज गेली. महिन्याभरात चिरा भरल्या. जानेवारीत एका सकाळी अंघोळ झाली, अंग पुसलं, कपडे घातले, आणि मग लक्षात आलं की आज काहीच झोंबलं नाही.

१४ मार्च २०२४ च्या तपासणीत डाग फिके झाले होते, पण कातडीच्या कडेचं कडं तसंच घट्ट होतं. दाह मलमानं जातो, तयार झालेला वण मलमानं सैल होत नाही. डॉक्टरांनी यूरॉलॉजिस्टच्या नावानं चिठ्ठी दिली.

यूरॉलॉजिस्टकडे पहिलं काम धारेची तपासणी, यूरोफ्लोमेट्री. भरपूर पाणी पिऊन बसायचं, लघवी चांगली लागली की यंत्राला जोडलेल्या फनेलमध्ये एकट्यानं करायची. पहिल्या वेळी मला आलीच नाही. दार लावलं होतं तरी बाहेर लोक उभे आहेत या विचारानंच. तिथले मामा म्हणाले, ‘गडबड नाही, फेरी मारून या.’ दुसऱ्या वेळी झाली. सेकंदाला ११ मिलिलिटर. माझ्या वयात १५ च्या वर असायला हवी. आलेख डोंगरासारखा वर जाऊन खाली यायला हवा, माझा पसरट होता. सोनोग्राफीत मूत्राशयात थोडी लघवी शिल्लक दिसली. मूत्रमार्ग आत आवळलाय का हे बघायला त्यात औषध भरून एक्स-रे काढला. तो अस्वस्थ करणारा पण पाच मिनिटांचा. आत सगळं मोकळं होतं, आवळलेली होती ती कातडी आणि थोडंसं लघवीचं तोंड.

तिथं बाकावर माझ्या शेजारी साठीतले एक काका बसले होते. त्यांचा अख्खा मूत्रमार्ग याच आजारानं आवळला होता आणि गालाच्या आतली नाजूक कातडी काढून तो मोठा करायचं ऑपरेशन त्यांना सांगितलं होतं. या कामात पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांचं तंत्र जगभर वापरतात, हे मला त्या बाकावर कळलं. काका म्हणाले, ‘वीस वर्षं मी बुरशीचंच मलम लावत होतो.’ ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

मला सुंता सांगितली. आमच्या घरात हा शब्द आजारासाठी कधी उच्चारला गेला नव्हता. आईला ‘छोटं ऑपरेशन’ एवढंच सांगितलं. आमच्या शाखेतले एक ज्येष्ठ मुस्लिम सहकारी आहेत, त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. जेवणाच्या सुट्टीत त्यांना सगळं खरं सांगितलं. ते हसले नाहीत. ‘दोन सुती लुंग्या आण. आठ दिवस पँटचं नाव काढू नको. आणि रात्री झोपण्याआधी पाणी कमी पी,’ म्हणाले. डॉक्टरांच्या छापील सूचनांइतकाच त्याचा उपयोग झाला.

तारीख एप्रिलमधलीच मिळत होती, पण लोकसभेची निवडणूक ड्युटी लागली. सांगलीचं मतदान ७ मे ला झालं. मग २५ मे ठरली, चौथा शनिवार, म्हणजे बँकेची एक रजा वाचली. रजेच्या अर्जाला जोडायच्या दाखल्यावर आजाराचं नाव नको असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, ‘लहान शस्त्रक्रिया’ एवढं लिहून चालतं. माझा अर्ज तेवढ्यावर मंजूर झाला. परत रुजू होताना फिटनेसचा दाखला लागतो, तो शेवटच्या ड्रेसिंगच्या दिवशीच मागून घ्या.

विम्याचा प्रकार मात्र लांबला. कॅशलेसची विनंती पहिल्याच दिवशी फेटाळली, ‘सुंता पॉलिसीत वगळलेली आहे’ या कारणानं. मी पॉलिसीची प्रत काढून वाचली. वाक्य पुढं होतं : आजाराच्या उपचारासाठी आवश्यक नसेल तर वगळलेली. यूरॉलॉजिस्टकडून पत्र घेतलं. त्यात लायकेन स्क्लेरोसस आणि बीएक्सओ ही दोन्ही नावं, मलमाचा तीन महिन्यांचा कोर्स झाल्याचा उल्लेख, धारेचा आकडा आणि शस्त्रक्रिया का लागते हे लिहून घेतलं. तरी ऑपरेशनच्या दिवसापर्यंत उत्तर आलं नाही. ३४,५०० रुपये मी भरले आणि नंतर क्लेम केला.

ऑपरेशन पाऊण तासाचं. आदल्या आठवड्यात रक्त, ईसीजी. त्या दिवशी शिश्नाच्या मुळाशी बधिर करायची इंजेक्शनं दिली, तीच काय ती दुखली. लघवीचं तोंडही थोडं मोठं केलं. सिस्टर डोक्याशी उभ्या राहून माझ्या मुलीच्या शाळेबद्दल विचारत होत्या. संध्याकाळी घरी.

काढलेली कातडी तपासायला गेलीच पाहिजे, हे आधी बोलून घ्या. आमच्याकडे फॉर्मालिन भरलेली छोटी प्लास्टिकची बरणी नातेवाइकाच्या हातात देतात. माझ्या मेव्हण्यानं ती लॅबमध्ये पोचवली. चिकटपट्टीवर नाव, वय, तारीख नीट आहे का ते त्यानं वाचून घेतलं होतं. पावती १,४०० रुपयांची.

पहिले चार दिवस सूज भरपूर होती, बघून घाबरायला होतं. रात्री झोपेत ताठरता आली की टाके ओढले जातात आणि जाग येते. हे सगळ्यांना होतं, पण मला कुणी सांगितलं नव्हतं. उठून थोडं चाललं, पाय गार पाण्यानं धुतले की शमतं. शिश्नमणी उघडा पडल्यानं दोन-तीन आठवडे कापडाचा स्पर्शही सहन होत नव्हता. टाके आपोआप गळाले, शेवटचा एकोणिसाव्या दिवशी. १० जूनला कामावर रुजू झालो. मोटरसायकल महिनाभर बंद होती, संबंध सहा आठवडे.

रिपोर्ट ३ जूनला आला. तो पाकिटातून बायकोनं काढला. इंग्रजीतला शेवटचा परिच्छेद तिनं दोनदा मोठ्यानं वाचला : लायकेन स्क्लेरोसस, कॅन्सरची लक्षणं नाहीत. नंतर देवापुढं साखर ठेवली.

क्लेमला रिपोर्टची प्रत जोडली. विमा कंपनीनं एकदा शंका काढली, मूळ पावत्या मागितल्या, शेवटी २० जुलैला ३१,२०० रुपये खात्यात आले. हातमोजे वगैरेंचे पैसे कापले. मूळ कागद देण्याआधी प्रत्येकाची झेरॉक्स काढून ठेवा.

हे लिहितोय तेव्हा फेब्रुवारी २०२५ चालू आहे. शिश्नमण्यावरचा डाग पूर्ण गेलेला नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, मलम लावतो. महिन्यातून एकदा उजेडात बघतो : गाठ, घट्टपणा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर तारखेची वाट न बघता जायचं, असं सांगितलंय. सप्टेंबरात धार पुन्हा मोजली, सेकंदाला १९. मामांनी आलेख फाडून हातात दिला, या वेळी तो डोंगरासारखा होता.

मिरजेची पुढची तारीख १२ एप्रिल आहे. दोन्ही आलेख आणि रिपोर्टची झेरॉक्स फाइलला लावून ठेवलीय. बायको म्हणते, मी पण येते.